पायरीला पाणी लागल्यास

मळी, ता. ११ ऑगस्ट १९७५

श्री. अण्णासो यांस,

थोरली बहीण म्हणून वर आशीर्वाद लिहायचा असतो. ह्या बारीला लिहीत न्हाय.

तुझं घर माझ्या दारातनं दिसतं. मी हाक मारली तर तुझं कुत्रं उठतंय. तरी हे पत्र पोस्टानं टाकतेय. पाकिटावर पत्ता आधी लिहिला, तर गुंडू पोस्टमन तो वाचून माझ्या तोंडाकडं बघत बसला. म्हणाला, "आक्का, खालच्या आळीचं पत्र वरच्या आळीला? कोल्हापूरला जाणार, शिक्का खाणार आणि फिरून मलाच आणायला लागणार की. द्या, जाता जाता टाकतो." म्हणलं, "जाऊ दे कोल्हापूरला. शिक्का खाऊनच येऊ दे."

बिंदू चौकातल्या यज्ञेश्वर वकिलांकडं गेलते. ते म्हणाले, "आक्काताई, आता तोंडानं भांडू नका. जे झालं ते सुरुवातीपासून लिहा, उद्या परक्या जज्जसाहेबांनी वाचलं तरी कळेल असं लिहा, आणि पोस्टानं पाठवा." म्हणून तुला ठाऊक असलेलं बी लिहितेय. कंटाळा आला तर येऊ दे, मला बी लई गोष्टींचा आलाय.

तर आबा, तुझा आणि माझा बाप, त्रेसष्ट साली गेले. मागं वरच्या आळीचं घर आणि ओढ्याकाठचं रान. सरकारनं पोरींना बी वाटा दिलेला, म्हणून तू मला हक्कसोड करून दे म्हणलास. सगळ्याच बहिणी देतात, मी काय जगावेगळी न्हवं. पण माझं सासर ह्याच गावात, नदीच्या अंगाला, मळीत. नदी चढली की पहिली माझ्या चुलीत येते. आबा होते तवर माझ्या अंगणात पाणी दिसलं की ते गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडायचे, बांबूनं रेटत माझ्या दारात यायचे आणि म्हणायचे, "चल आक्के, माहेरपणाला." गुळाची काहील, पण आपल्यात पुरात तीच नाव. आबा गेल्यावर ती काहील तुझ्या वाट्याला आली.

म्हणून मी म्हणलं, रान घे, घर घे, मला खुरपं बी नको. एवढं लिहून दे की पुरात तुझं दार मला उघडं. तू म्हणलास, "लिहायला कशाला पाहिजे गं?" मी म्हणलं, "उद्या विठाबाई म्हणंल, आभाळ आलं की नणंद आली." तू हसलास. तुझी बायको बी हसली.

वकिलांनी कागद करताना काय सांगितलं ते आठव. म्हणाले, "लई पाणी आलं तर, हे कागदावर चालत नाही. लई म्हणजे किती? अशी खूण सांगा, की भांडण लागलं तर कुणीही जाऊन डोळ्यांनी बघावी. पाणी त्या खुणेला लागलं की ह्यांचा हक्क उभा राहिला आणि तुमच्यावर बंधन आलं. त्याच्या आधी ना हक्क, ना बंधन."

तू आणि मी एका दमात म्हणलं, "म्हसोबाची पायरी." दुसरी कुठली सांगणार? आपण जन्मल्यापासनं गावाचं माप तेच. पायरीला पाणी लागलं की आई आपल्याला पाण्यातनं कान धरून बाहेर काढायची आणि जनावरं वर न्यायची.

कागदात असं हाय: "नदीचे पाणी म्हसोबाच्या देवळाच्या पायरीस लागल्यास, ते उतरेपर्यंत लिहून घेणार याने आपल्या घराचा सोपा, न्हाणी, बाळंतिणीची खोली व गोठा हा लिहून देणार हिला, तिच्या माणसांना व जनावरांना खुला ठेवावा. कसूर केल्यास हे हक्कसोडपत्र रद्द समजावे." बाळंतिणीची खोली तूच घालायला लावलीस. म्हणलास, "माहेर म्हणलं की ती खोली आलीच." मला रडू आलंतं त्या वेळी. आता त्या रडण्याची बी लाज वाटतेय.

त्यानंतर दोनदा पाणी पायरीला लागलं, दोन्ही बारीला मी आले, राहिले, जेवले, तुझ्या गोठ्याचं शेण बी काढलं. आता परवाचं सांगते. कोतवाल दवंडी देत गेला की राधानगरी धरणाची दारं उघडली. सकाळी अंगणात पाणी, दुपारी चुलीत. माझा जोतीराम बिद्रीला साखर कारखान्यात, रस्ते तुटलेले, तो येणार कुठनं? घरात मी आणि सून. शेवंताचे दिवस भरलेले. दोन म्हशी, एक रेडकू. कंबरभर पाण्यातनं आम्ही वर आलो. कुंपणापाशी रेडकू हातातनं सुटलं. त्याची आई तुझ्या दारापर्यंत हंबरत आली, तू ऐकलंस.

तू उंबऱ्यात उभा. धोतर कोरडं ठणठणीत. आणि माझ्या पाठचा भाऊ मला म्हणतो, "आक्का, आत्ताच बघून आलो. पायरी कोरडी हाय. लागलं पाणी की ये."

शेवंता खाली बसली, तुझ्याच ओट्याला धरून. विठाबाईनं मागनं डोकावून बघितलं आणि आत गेली. तू दार लावलंस. आपटलं न्हाईस, हळू लावलंस. आपटलं असतंस तर बरं वाटलं असतं मला.

आम्ही शाळेच्या पडवीत गेलो. चिमणाबाई सुईण आली, तिनं कुठनं तरी जुनी लुगडी आणि निखारे आणले, आणि दिवस मावळायच्या आत तिथं, चौथीच्या वर्गाच्या दारात, माझ्या नातीचा जन्म झाला. बाकांचा आडोसा लावला. आपल्या आबांच्या पणतीचा, अण्णासो! वर तुझी ती खोली रिकामी आणि इथं पोरीच्या अंगावर कौलातनं पाणी.

तर आता मला उत्तर पाहिजे. कागद पाळणार हाईस का न्हाईस?

लिहून देणार,
आक्काताई


मळी, ता. ३ सप्टेंबर १९७५

श्री. अण्णासो यांस,

तुझं कार्ड मिळालं. उघडं कार्ड पाठवायची अक्कल कुणाची? गुंडूनं वाचलं, गुंडूच्या बायकोनं वाचलं, मला द्यायच्या आधी आळीनं पाठ केलं. "पायरीस पाणी लागले नव्हते. कागद वाचावा. जीर्णोद्धाराचा नारळ कुणी फोडला ते आठवावे."

व्हय, मी फोडला. आठवायला कशाला पाहिजे, मी काय चोरून फोडला का काय?

जज्जसाहेबांसाठी लिहिते. दर पुरात आमच्या म्हसोबाच्या पायाला पाणी लागायचं, शेंदूर वाहून जायचा. देव भिजतो आणि आपण वरच्या आळीत कोरडं बसतो, हे बरं न्हवं, असं बायकांतनंच निघालं, आणि पहिली मीच बोलले. मळीतल्या बायकांना देवाच्या भिजण्याचं दुःख जास्त, कारण आम्ही बी त्याच्यासंगट भिजतो. बहात्तर साली गावानं देऊळ उचललं. कमरेइतका नवा चौथरा. जुनी पायरी त्याच्या पोटात गाडली गेली आणि वर नवी, घडीव दगडाची बसवली. नारळ मी फोडला, दगडाची पहिली पाटी मी वाहिली. माझ्या डोक्यावरनं, अण्णासो. देवाला वर उचलताना मी माझा हक्क बी माझ्याच हातानं वर उचलून ठेवतेय, हे मला कळलं न्हाय. आता नदी माझ्या छपराला लागंल तवा कुठं नव्या पायरीला लागणार!

पण तुला कळलं होतं का? हे मी रोज भाकरी थापताना स्वतःला विचारतेय. पाथरवट म्हणाला, "पुरे, देव सुटला पाण्यातनं." आणि तू, पंच म्हणून मिशीला पीळ देत म्हणलास, "अजून एक थर घाला." त्या वेळी मला वाटलं, भाऊ किती भाविक! मी शेजारणीला कोपरानं ढोसून दाखवलंतं, बघ, माझा भाऊ.

वकिलांना कार्ड दाखवलं. ते म्हणाले, "करारातली खूण ज्यानं मुद्दाम सरकवली, त्याला सरकवलेल्या खुणेचा फायदा कायदा देत नाही. कोर्ट जुनीच पायरी धरेल, आणि जुन्या पायरीच्या वर पाणी गेलंच होतं." मी उठून उभीच राहिले. तर म्हणाले, "बसा. इथं एकट्यानं नाही सरकवली, गावानं सरकवली. आणि तुम्ही पाटी वाहिली. मुद्दाम केलं हे तुम्ही कसं दाखवणार? बाई, तेव्हाच कागदात दुरुस्ती का नाही करून घेतली?"

आता सांग, देवळाचं काम चाललंय, हलगी वाजतेय, आणि कुणाच्या डोक्यात कागद येतो? आला असंल तर तुझ्या. माझ्या डोक्यावर पाटी होती.

मला तुझं रान नको. वकील म्हणतात दावा लावला तर रानाचा वाटा परत मागता येईल. मला एवढंच कळू दे की थर घालताना तुझ्या मनात देव होता का दार.

लिहून देणार,
आक्काताई


मळी, भाऊबीज १९७५

अण्णासो,

ताट वाढून दिवा लावून बसले. यायचं न्हवतं तर गुंडूच्या हातनं पत्र तरी कशाला पाठवलंस, आणि ते बी आजच्या दिवशी? दिव्याच्या उजेडात तुझं पत्र वाचलं आणि दिवा तसाच चंद्राला ओवाळला. भाऊ नसलेल्या बाईनं करायचं असतं ते. भाऊ जिता असून मी केलं.

बरं झालं, निदान चार ओळींपेक्षा जास्त लिहिलंस. पोटातलं ओठावर आलं. मी बी एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली न्हवती. त्या दिवशी उंबऱ्यात तू आणखी एक वाक्य बोललास. म्हणलास, "माझी पोर तुझ्या उंबऱ्याबाहेर ठेवलीस, तवा तू कुठली पायरी बघितलीतीस?" हे मी लिहिलं न्हाय, कारण हे जज्जसाहेबांचं काम न्हवं. पण आता तूच कागदावर आणलंस, तर घे.

तू लिहितोस, जोतीरामाच्या बारशाला आपली आई म्हणाली, "आक्कीला पोरगा झाला, अण्णाला पोरगी झाली की सोयरीक पक्की." मी मान हलवली. तुला पोरगी झाली. "अट पुरी झाली, बंधन तुझ्यावर आलं, ते तू पाळलं नाहीस, मग माझी अट पुरी झालेली नसताना माझ्याकडनं काय मागतेस?" असं तू लिहितोस. वाहवा! वकिलाच्या पायरीवर मी गेले आणि वकील तू झालास.

अरे, हौसा म्हणजे काय दगडाची पायरी? का जोतीराम म्हणजे नदीचं पाणी, चढलं की लागलं? मामाची पोरगी करायची, ही आपल्याकडची रीत हाय, मला ठाऊक हाय. मी बी आत्तीच्याच घरात दिली गेले. पण रीत म्हणजे रजिस्टर केलेला कागद न्हवं.

तीन वर्षं गावानं माझ्या तोंडावर थुंकायचं बाकी ठेवलं. आक्कीनं भावाची पोर नाकारली, बाहेरची सून आणली, तिला म्हणे हुंड्यात म्हैस मिळाली! मी ऐकून घेतलं. विठाबाईनं पाणवठ्यावर पाठ फिरवली, ते बी घेतलं. आता न्हाय घेत. ऐक.

नकार माझा न्हवता. जोतीरामाचा बी न्हवता. तुझी हौसा, सोळा वर्षांची पोर, माझ्या गोठ्यात आली, वैरणीच्या मागं मला धरलं आणि म्हणाली, "आत्ती, मी जोतीदादाच्या पाठीवर बसून शाळेत गेलेय. मला त्याच्याशी लगीन नको. बाबांना मी सांगू शकत न्हाय, ते मला मारणार न्हाईत, पण जेवायचं सोडतील. तूच नको म्हण. तुझ्या गळ्याची शपथ, माझं नाव घेऊ नको." मी नाव घेतलं न्हाय. तुझ्या पोरीचा नकार माझ्या पदरात बांधून घेतला आणि तुझ्या दारात येऊन म्हणलं, "मला दुसरी सून करायची हाय." तू मला पाणी बी विचारलं न्हाईस.

आता हौसा राधानगरीला सुखानं नांदतेय, पदरात पोरगा हाय. शपथ सुटली की. खोटं वाटत असंल तर जा, एस.टी. रोज जाते, विचार तिला.

एवढी वर्षं तुझ्यापायी शिव्या खाल्ल्या आणि तू मला पायरी दाखवलीस. लाज वाटते का, हे मी विचारत न्हाय. वाटतेय हे मला ठाऊक हाय, नाकावर दिसते तुझ्या, लहानपणापासनं.

लिहून देणार,
आक्काताई


मळी, ता. १८ जून १९७६

अण्णासो,

दिवाळीपासनं तुझं उत्तर न्हाय. गुंडू म्हणाला, माझं पत्र तू सोप्यात उभ्यानं वाचलंस, घडी करून बंडीच्या खिशात घातलंस आणि दुसऱ्या सकाळी राधानगरीच्या एस.टी.त चढलास. तिथं हौसानं काय सांगितलं ते तू मला कळवलं न्हाईस. मी विचारणार बी न्हाय. तोंड दिलंय देवानं, कधी तरी वापर.

वकिलांनी नोटीस टाइप करून ठेवलीय. मी सही केली न्हाय. उगं माया आली म्हणून न्हवं. कोर्टात जज्जसाहेब विचारणार, पायरीला पाणी लागलं का? आणि मला म्हणायला लागणार, न्हाय लागलं. खोटं मी बोलत न्हाय.

तर ह्या साली मी असं करणार हाय. शेवंताला आणि पोरीला मिरगातच जोतीरामाकडं बिद्रीला पाठवलंय. पाणी चढलं की म्हशी शाळेच्या आवारात बांधणार. मास्तरांना विचारलंय, ते व्हय म्हणाले. परक्या माणसाला विचारायला कागद लागला न्हाय, बघ. आणि मी स्वतः घोंगडं घेऊन म्हसोबाच्या चौथऱ्यावर बसणार. त्या तुझ्या नव्या पायरीवर. बसून बघणार, पाणी कधी लागतंय ते. लागलं की तिथनंच हाळी देणार. न्हाय लागलं तर तुझ्यावर काही बंधन न्हाय, तू खुशाल सोप्यात घोरत पड.

आणि बुडाले तर पायरी ओली झाली होती, असं समजून चालायला हरकत न्हाय.

आक्काताई


मळी, ता. २४ ऑगस्ट १९७६

अण्णा,

आपण आता बोलायला लागलोय, मग पत्र कशाला, असं गुंडू म्हणाला. त्याच्या पोटावर पाय येतोय काय? म्हणलं, माझा भाऊ विसरभोळा हाय. उद्या म्हणंल असं झालंच न्हाय. कागदावर असलेलं बरं, हे त्याचंच म्हणणं.

तर लिहून ठेवते. त्या दिवशी सकाळपासनं मी चौथऱ्यावर. खाली चौफेर पाणी, माझं घर कौलापुरतं दिसतंय, वर पाऊस, मागं शेंदूर लावलेला म्हसोबा कोरडा. बिचाऱ्याला आमच्या कष्टाचा उपयोग झाला. दुपारी बघते तर वरच्या आळीकडनं आबांची काहील. तू बांबू रेटतोयस, तुला ते आजतागायत जमत न्हाय, काहील गिरक्या खातेय. मला हसू आलं आणि त्याचाच मला राग आला.

तू काहील पायरीच्या दगडाला टेकवलीस आणि म्हणलास, "चल."

मी म्हणलं, "पायरी कोरडी हाय."

"आक्का, चल म्हणतोय की."

"वीतभर कमी हाय अजून. तुझ्यावर बंधन न्हाय. कागद वाच."

मला वाटलं तू चिडून माघारी जाणार. तू काहिलीचा दोर खांबाला बांधलास, वर आलास आणि माझ्या शेजारी बसलास. फडक्यातनं भाकरी आणि ठेचा काढलास. विठाबाईनं दिलंय म्हणलास. मी न्हाय घेतली. तू एकटाच खायला लागलास, आणि तिखट लागून ठसका लागला तवा मीच तांब्या पुढं केला. लहानपणापासनं तुला तिखट सोसत न्हाय आणि सांगता बी येत न्हाय.

मग तू नदीकडं बघत म्हणलास, "हौसानं सांगितलं सगळं."

मी भिजलेला पदर पिळत राहिले.

"पोरीला बापाची भीती वाटावी आणि आत्तीचा आधार वाटावा. आणि मी आत्तीलाच दाराबाहेर..." इथंच थांबलास. बरं झालं. पुढचं मी गेल्या साली शाळेच्या पडवीत बोलून बसलते, तुला ऐकवलं नसतं.

मी म्हणलं, "तो वरचा थर. खरं सांग. देवासाठी का दारासाठी?"

तू भाकरीचं फडकं झटकलंस. मग म्हणलास, "घालताना देवासाठीच. आईची आण. पण पाणी आलं त्या दिवशी पायरी बघायला गेलो, आणि कोरडी दिसली, तवा बरं वाटलं मला." आणि मान खाली घातलीस.

अण्णा, तुझ्या त्या कार्डापेक्षा हे बरं. मी तुला त्या वेळी म्हणले न्हाय, आता लिहून देते.

मग आपण दोघं बसून राहिलो. लहान असताना बसायचो तसं, फक्त आता गुडघे दुखतात. तेवढ्यात तुला लहर आली आणि म्हणलास, "तुझी नात झाली, हौसाला पोरगा हाय, पुढं मागं दोघांचं..." मी म्हणलं, "अण्णासो, आणखी एक अक्षर काढलंस तर काहील हितंच उलटी करीन." तू हसलास. मी हसले न्हाय. मी अजून हसलेले न्हाय, ध्यानात ठेव. पोरं मोठी होऊ देत, त्यांना पाहिजे तर ती करतील.

आणि मग मी बघितलं की दगडावर ओली रेघ उरलीय आणि पाणी तिच्या खाली गेलंय. काडीकचरा दगडाला चिकटून बसलेला. नदी उतरायला लागली. पायरीला लागलीच न्हाय. चार बोटं राहिली होती, आणि माघारी फिरली.

मी म्हणलं, "उतरलं. सुटलास बघ."

खरं सांगते, दिवसभर बसले ती कशासाठी? तुला धरायला. आणि नदीच तुझ्या बाजूनं झाली. तुझ्यावर काही न्हाय, उठून घरला जायला तू मोकळा, आणि आयुष्यभर सांगायला बी मोकळा, की मी न्यायला गेलतो, तीच आली न्हाय.

तू उठलास. मला वाटलं, चालला. तू पायरीवर उकिडवा बसलास, वाकून वाकून पुरात हात घातलास, मला वाटलं पडतोस आता, म्हणून मी तुझी बंडी मागनं धरली. ओंजळ भरून पाणी वर घेतलंस आणि पायरीवर ओतलंस. निम्मं तुझ्याच पायावर सांडलं. परत वाकलास, परत ओतलंस.

"लागलं पाणी," म्हणलास. "ऊठ आक्का. माहेरपणाला चल."

मी उठले. काहिलीत बसल्यावर तुझ्या बांबू मारण्यालाच नावं ठेवत आले.

दार सताड उघडं होतं. विठाबाई उंबऱ्याशी पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी होती. तिच्या मागं दोरीवर लुगडं वाळत होतं, त्याचे काठ मी ओळखले. शाळेच्या पडवीत नातीला गुंडाळलेलं लुगडं त्याच जोडातलं. चिमणाबाईनं लुगडी कुठनं आणली ते तवा कळलं. पण तिला म्हणावं, लुगडी पाठवता येतात तर दार बी उघडता येत होतं.

काल कोल्हापूरला गेलते. वकिलांना विचारलं, पायरीला नदीनं पाणी लावलं न्हाय, ज्याच्यावर बंधन यायचं त्यानंच ओंजळीनं लावलं, तर कागदाच्या हिशोबानं लागलं का न्हाय? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हे कायद्यात बसत नाही, बाई." म्हणलं, न बसू दे. नोटीस फाडायला सांगितली आणि आले.

राग गेलाय असं समजू नको. माझ्या नातीचा जन्म शाळेच्या फरशीवर झाला, ते तुझ्या दहा ओंजळींनी धुवून निघणार न्हाय. रेडकाचं तर बोलूच नको.

येत्या पावसाळ्यात पायरी बघायला जाऊ नको. माझं अंगण बघ, तुझ्या सोप्यातनं दिसतंय. अंगणात पाणी दिसलं की काहील सोड. न्हाय सोडलीस तर मी परत जाऊन त्या पायरीवर बसंन, आणि त्या बारीला तुझ्या ओंजळीनं उठणार न्हाय.

आणि बांबू मारायला शीक.

आशीर्वाद.

तुझी आक्का